फुफ्फुसात मुरलेल्या जिवाणूचा माग

बेडक्याची डबी टेबलावर आली की पहिलं काम म्हणजे ती उजेडात धरून पाहणं. आत पातळ, फेसाळ, पाण्यासारखं काही हलत असेल तर ती लाळ आहे. त्यातून तोंडातले जिवाणू सापडतील, फुफ्फुसातले नाहीत. डबी तिरकी केली तरी जागचा न हलणारा हिरवट-पिवळा गोळा असेल तर तो आपल्या कामाचा. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाचा बेडका बहुतेक वेळा असाच असतो. या आजारात सीएफटीआर जनुक बिघडलेलं असतं, पेशींमधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट नीट बाहेर पडत नाही, श्वासनलिकेतला श्लेष्मा घट्ट होतो आणि एरवी त्याला वर ढकलणाऱ्या बारीक केसांना तो हलवता येत नाही. अशा अडकलेल्या श्लेष्म्यात सूडोमोनस एरुजिनोसा हा जिवाणू एकदा रुजला की पाच, दहा, वीस वर्षं मुक्काम ठोकतो. माती-पाण्यातून आलेला मूळ जिवाणू आणि त्याच फुफ्फुसातून वीस वर्षांनी निघालेला त्याचा वंशज शेजारी शेजारी वाढवले, तर हे एकाच घराण्यातले आहेत यावर विश्वास बसत नाही.

हा बदल कसा घडत गेला ते बेडक्याच्या नमुन्यांतून वाचण्याचं काम आम्ही करतो. ती रीत इथे लिहितो आहोत. या कामातल्या बहुतेक चुका सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या, यंत्रात होत नाहीत. त्या पहिल्या तीन-चार दिवसांत, प्लेटवरून कॉलनी (एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका) उचलताना होतात, आणि पुढे कुठलंही सॉफ्टवेअर त्या दुरुस्त करू शकत नाही. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्यांवर जरा जास्त रेंगाळणार आहोत.

नमुना खोलीच्या तापमानाला पडून राहू देऊ नये. दोन-तीन तासांत काम सुरू होणार नसेल तर तो 4 अंशांवर ठेवावा, आणि तरीही त्याच दिवशी, फार तर 24 तासांत उरकावा. बाहेर राहिलेल्या बेडक्यात झपाट्याने वाढणारे जिवाणू पुढे निघून जातात आणि हळू वाढणारे मागे पडतात. फुफ्फुसाशी जुळवून घेतलेले प्रकार नेमके हळू वाढणारे असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, तेच आधी हरवतात. डबी उघडण्यापासून पुढचं सगळं काम दुसऱ्या श्रेणीच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये करायचं. क्षयरोगाची शंका असेल तर नमुना आधी त्या चाचणीच्या वाटेने जातो, आपल्याकडे नंतर येतो.

बेडका पिपेटने मोजता येत नाही. निम्मा आत चढतो, निम्मा टोकाला लोंबतो. तो वजनाने घ्यावा. रिकामी नळी तोलायची, टोक कापून रुंद केलेल्या टिपने गोळा नळीत टाकायचा, पुन्हा तोलायचं. एक ग्रॅम बेडक्याला 0.1 टक्के डायथायोथ्रेटॉलचं एक मिलिलिटर द्रावण घालून अर्धा मिनिट व्होर्टेक्स करायचं, म्हणजे यंत्रावर जोराने घुसळायचं, आणि 37 अंशांवर 15 मिनिटं ठेवायचं. हे रसायन म्यूसिन प्रथिनांतले गंधकाचे पूल तोडतं, त्यामुळे गोळा विरघळू लागतो. द्रावण जुनं असेल तर हवेने निकामी झालेलं असतं. म्हणून लहान लहान वाटे करून ते गोठवावं, एक वाटा एकदाच वापरावा. इतकं करूनही काही तंतू उरतातच, कारण बेडक्याचा चिवटपणा फक्त म्यूसिनचा नसतो. मेलेल्या पांढऱ्या पेशींमधून सांडलेला डीएनएही त्यात असतो आणि डायथायोथ्रेटॉल त्याला हात लावत नाही. तंतू दिसले म्हणून रसायनात तासभर ठेवू नये. आणखी एकदा व्होर्टेक्स करावं आणि पुढे जावं.

मग दसपट डायल्यूशनची, म्हणजे दर पायरीला दहापट पातळ करत नेण्याची साखळी, प्रत्येक पायरीला नवी टिप. जुन्या संसर्गात एका मिलिलिटर बेडक्यात एक ते दहा कोटी सूडोमोनस असणं नेहमीचं आहे. म्हणून साखळी दहा लाखांश, गरज पडल्यास कोट्यंशापर्यंत न्यावी आणि शेवटच्या तीन पायऱ्यांमधून प्रत्येकी 100 मायक्रोलिटर प्लेटवर पसरावं. प्लेटवर 30 ते 100 कॉलनी याव्यात, इतकंच लक्ष्य. तीनशे कॉलनींच्या दाटीत प्रत्येकीचा आकार दबतो आणि सगळ्या सारख्याच दिसू लागतात.

माध्यम निवडताना एक मोह टाळायला हवा. सेट्रिमाइडसारखं कडक निवडक माध्यम हाताशी असतं, त्यावर सूडोमोनस छान वेगळा होतो, मग तेवढंच वापरलं जातं. पण नाजूक झालेले काही प्रकार त्यावर उगवतच नाहीत. जुन्या संसर्गातले कित्येक जिवाणू एखादं अमिनो आम्ल, बहुधा मेथिओनिन, स्वतः बनवायचं सोडून देतात. बेडक्यात ते आयतं मिळतं, त्यामुळे तिथे अडत नाही, पण साध्या क्षारांच्या माध्यमावर हे जिवाणू उपाशी राहतात. आम्ही मॅकॉन्की आणि ब्लड अगार दोन्ही वापरतो. निवडक माध्यम जोडीला असतं, एकटं कधीच नाही. बर्कहोल्डेरिया या दुसऱ्या जिवाणूसाठी त्याचं वेगळं माध्यम लागतं आणि ती प्लेट पाच दिवस ठेवावी लागते.

24 तासांनी प्लेट पाहून निकाल लिहिण्याची घाई हा या कामातला सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा. पहिल्या दिवशी दिसतात त्या चपट्या, कडा फाटलेल्या, हिरवट कॉलनी. झाकण उघडलं की द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. हे मूळ रूपाच्या जवळचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामध्ये पाण्याच्या थेंबासारखे फुगीर, चकचकीत ठिपके वर येतात. लूप टेकवून उचलला की मधासारखी तार निघते. ती तार अल्जिनेट या जिवाणूनेच बनवलेल्या चिकट पदार्थाची, हा म्यूकॉइड प्रकार. मग प्लेट दिव्याखाली हळूहळू तिरकी करावी. एखाद्या चपट्या कॉलनीवर पाण्यावर सांडलेल्या तेलासारखी, निळसर-चंदेरी धातूची झाक सरकून जाते, आणि त्या कॉलनीचा मधला भाग विरघळल्यासारखा खड्डा पडलेला असतो. सरळ वरून पाहिलं तर हे दिसत नाही. तिसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसू लागतात, त्या बुटक्या कॉलनी. एकाच माणसाच्या एकाच सकाळच्या बेडक्यात हे चारही प्रकार असू शकतात. प्लेट 37 अंशांवर 48 तास आणि त्यानंतर बाहेर आणखी दोन-तीन दिवस ठेवल्याशिवाय टाकू नये.

आता किती कॉलनी उचलायच्या? हिशेब साधा आहे. एखादा प्रकार लोकसंख्येत 10 टक्के असेल आणि तुम्ही एकच कॉलनी उचलली, तर तो निसटण्याची शक्यता 90 टक्के. दहा उचलल्या तर 35 टक्के, वीस उचलल्या तर 12 टक्के, तीस उचलल्या तर सुमारे 4 टक्के. पाच टक्क्यांचा प्रकार तीस कॉलनींतूनही पाचांतल्या एका वेळी निसटतोच. नेहमीच्या तपासणीत एक किंवा प्रत्येक रूपाची एकेक कॉलनी घेतात. एवढ्या कामाच्या रेट्यात ते समजण्यासारखं आहे. पण त्या एका कॉलनीवरून 'जिवाणू बदलला' किंवा 'जिवाणू पुन्हा औषधाला दाद देऊ लागला' असं विधान करू नये.

उचलण्याच्या दोन पद्धती वेगळ्या ठेवाव्यात. पहिली आंधळी. प्लेटच्या पाठीवर मार्करने रेघ ओढायची आणि रेघेला शिवणारी प्रत्येक कॉलनी, सुंदर असो वा कुरूप, क्रमाने घ्यायची. अशा वीस-तीस. दुसरी डोळस. वेगळी दिसेल ती कॉलनी मुद्दाम घ्यायची आणि तिच्या क्रमांकापुढे तशी खूण करायची. प्रमाणाचे आकडे फक्त पहिल्या गटातून काढायचे, दुर्मिळ प्रकार दुसऱ्यातून येतात. हे दोन गट एकदा मिसळले की 'म्यूकॉइड 40 टक्के' या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही.

साठवण लगेच करावी. 20 टक्के ग्लिसरॉल, उणे 80 अंश, प्रत्येकीच्या दोन कुप्या. पहिल्याच शुद्ध प्लेटवरून थेट खरवडून गोठवलेलं उत्तम. द्रव माध्यमात रात्र रात्र वाढवत नेलं की जिवाणू आता नळीशी जुळवून घेऊ लागतो. म्यूकॉइड प्रकार न हलवता ठेवलेल्या नळीत तर फार लवकर चपटे होतात. अल्जिनेटचा कारखाना सुरू ठेवणाऱ्या एएलजी-यू जनुकातच नवं म्यूटेशन (डीएनएच्या अक्षरांतला बदल) येतं आणि तार निघेनाशी होते. मग तुम्ही फुफ्फुसातली उत्क्रांती वाचत नसता, स्वतःच्या टेस्ट ट्यूबमधली वाचत असता. मूळ बेडक्याचाही एक मिलिलिटर ग्लिसरॉल घालून गोठवून ठेवावा. दोन वर्षांनी एखादा प्रश्न उभा राहिला की त्याचाच आधार असतो.

ओळख पटवण्याचं काम माल्डी-टॉफ या प्रथिनांच्या वजनावरून जिवाणू ओळखणाऱ्या यंत्राने बहुधा मिनिटांत होतं. तरी रंगावर, वासावर विसंबू नये. मुरलेला सूडोमोनस हिरवा रंग सोडतो, मंद वाढतो, आणि अॅक्रोमोबॅक्टर किंवा बर्कहोल्डेरिया असा दुसराच जिवाणू समजून बाजूला पडतो. उलट चूकही होते. शंका असेल तिथे 42 अंशांवरची वाढ पाहावी आणि सूडोमोनसच्या ठरलेल्या जनुकाची पीसीआर करावी, म्हणजे त्या जनुकाच्या प्रती वाढवून ते आहे का ते पाहावं.

यानंतर गुणधर्मांच्या चाचण्या. पोहण्याची क्षमता 0.3 टक्के अगारमध्ये पाहायची. मधोमध टोचायचं आणि वर्तुळ किती पसरलं ते मोजायचं. पृष्ठभागावर सरपटणं पाहायला 1 टक्का अगार घेऊन थेट प्लेटच्या तळापर्यंत टोचायचं, कारण हे जिवाणू अगार आणि प्लास्टिक यांच्या फटीत सरपटतात. प्रथिनं पचवणारी एन्झाइम स्किम मिल्क अगारवर दिसतात. कॉलनीभोवती दूध फाटून पारदर्शक कडं आलं तर ती शाबूत आहेत. संसर्गाच्या सुरुवातीचे जिवाणू हे सगळं करतात. वर्षं सरतात तसं एकेक थांबत जातं. शेपूट हे प्रतिकारशक्तीला चटकन ओळखू येणारं निशाण आहे, आणि घट्ट श्लेष्म्यात पोहून जायचंय तरी कुठे? एन्झाइम बनवायला ऊर्जा लागते आणि त्यांनी दाह भडकतो. तीव्र संसर्गात जी हत्यारं कामी येतात, ती लांबच्या मुक्कामात ओझं होतात. म्हणून जुना जिवाणू 'सौम्य' दिसतो. मात्र त्याने फुफ्फुसाची हानी थांबते असं कुणी समजू नये. तो तिथे राहतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी सतत धावून येत राहतात, आणि त्यांच्याच एन्झाइमांनी श्वासनलिकेच्या भिंती झिजतात.

जिवाणूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा, म्हणजे एमआयसी, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने, म्हणजे प्लेटमधल्या छोट्या विहिरींत औषध पातळ करत नेऊन, काढतो. म्यूलर-हिंटन ब्रॉथ, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरलेल्या प्रमाणात, प्रत्येक विहिरीत मिलिलिटरला 5 लाख जिवाणू, 35 अंश, 16 ते 20 तास, आणि सोबत एटीसीसी 27853 हा प्रमाण जिवाणू. कागदावर सोपं आहे. गडबड होते ती गढूळपणाने जिवाणू मोजताना. म्यूकॉइड प्रकारात अल्जिनेटच गढूळपणा वाढवतं, त्यामुळे गढूळपणाचं ठरलेलं माप, 0.5 मॅकफार्लंड, जुळवलं तरी प्रत्यक्षात जिवाणू कमी पडतात आणि औषध उगाचच जास्त प्रभावी दिसतं. म्हणून प्रत्येक वेळी विहिरीतलं थोडं प्लेटवर पसरून मोजून घ्यावं. बुटके प्रकार 20 तासांत औषधाशिवायच्या विहिरीतही पुरेसे वाढत नाहीत. त्यांना 24, कधी 48 तास द्यावे लागतात आणि तसं अहवालात लिहावं लागतं.

एकाच बेडक्यातल्या, अगदी एकसारख्या दिसणाऱ्या कॉलनींचे एमआयसी कित्येक पटींनी वेगळे निघतात. ही चाचणीतली चूक नाही, लोकसंख्याच तशी असते. रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल याचा अंदाज या आजारात प्रयोगशाळेच्या आकड्यावरून नीट बांधता येत नाही, त्याचं हे एक कारण. दुसरं असं की फुफ्फुसात जिवाणू सुटे नसतात. ते गुठळ्या करून, प्राणवायू जवळजवळ संपलेल्या श्लेष्म्यात, नायट्रेटवर श्वास चालवत राहतात. टोब्रामायसिन 300 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 28 दिवस हुंगून आणि 28 दिवस बंद, अशा चक्रात बेडक्यातली औषधाची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त चढते. पण प्राणवायू नसेल तर टोब्रामायसिनसारखं अमिनोग्लायकोसाइड गटातलं औषध पेशीत नीट शिरतच नाही. शिवाय त्याचा काही भाग डीएनए आणि म्यूसिनला चिकटून वाया जातो.

हायपरम्यूटेटर, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त म्यूटेशनं होणारे जिवाणू, ओळखण्याची चाचणी साधी आहे आणि ती प्रत्येक संग्रहावर करावी असं आमचं मत आहे. रात्रभर वाढवलेला जिवाणू मिलिलिटरला 300 मायक्रोग्रॅम रिफॅम्पिसिन असलेल्या प्लेटवर पसरायचा, 48 तासांनी मोजायचं, आणि एकूण जिवंत जिवाणूंच्या संख्येने भागायचं. साधा जिवाणू दर दहा कोटींत एखाद-दुसरा प्रतिरोधक देतो. म्यूट-एस किंवा म्यूट-एल हे जनुक मोडलेला जिवाणू त्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त देतो. या जनुकांची प्रथिनं डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करतात, ती गेली की चुका राहून जातात. एकाच नळीवर निकाल देऊ नये. योगायोगाने लवकर आलेलं एखादं म्यूटेशन त्या नळीत हजारो वंशज सोडून जातं. निदान पाच स्वतंत्र नळ्या घ्याव्यात आणि मध्यक धरावा. 2000 साली स्पेनमधल्या संशोधकांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या 30 रुग्णांपैकी 11 जणांत असे हायपरम्यूटेटर दाखवले, आणि तीव्र संसर्गाच्या रुग्णांत एकही सापडला नाही. चुका वाढवणारा दोष एरवी घातकच. पण जिथे औषधं बदलत राहतात आणि जगण्याच्या अटी सारख्या बदलतात, तिथे नवं म्यूटेशन लवकर सापडण्याचा फायदा मोठा ठरतो आणि त्या म्यूटेशनच्या पाठीवर बसून मोडलेलं म्यूट-एसही पुढे जातं.

आता सिक्वेन्सिंग. सूडोमोनसचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, सुमारे 63 लाख अक्षरांचा. 60 पट खोलीसाठी, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी 60 वेळा वाचलं जावं म्हणून, एका कॉलनीमागे सुमारे 38 कोटी अक्षरं वाचावी लागतात. डीएनए काढताना म्यूकॉइड प्रकार पुन्हा त्रास देतात. अल्जिनेट डीएनए गाळून घेणाऱ्या स्तंभात अडकतं आणि पुढच्या एन्झाइमांना रोखतं. पेशी सलाइनने दोन-तीनदा धुवून घेतल्या आणि नेहमीपेक्षा कमी पेशी घातल्या तर काम होतं. जास्त पेशी घातल्याने डीएनए जास्त मिळत नाही, स्तंभ तुंबतो. या जीनोममध्ये जी आणि सी अक्षरांचं प्रमाण 66 टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे लायब्ररी (यंत्रात वाचण्यासाठीचे डीएनएचे तुकडे) तयार करताना पीसीआरची आवर्तनं जास्त झाली तर काही जागा वाचल्याच जात नाहीत आणि तिथे तुकडा गळाल्याचा भास होतो.

तुलना कशाशी करायची हा पुढचा प्रश्न. पीएओ-1 या प्रयोगशाळेतल्या जिवाणूचा जीनोम 2000 सालापासून उपलब्ध आहे, म्हणून सगळे त्याच्याशी तुलना करतात. पण तुमचा जिवाणू त्याच्यापेक्षा मुळातच हजारो अक्षरांनी वेगळा असतो. त्या गर्दीत फुफ्फुसात घडलेली वीस म्यूटेशनं शोधणं कठीण. त्याच रुग्णाच्या सर्वांत जुन्या कॉलनीचा जीनोम लांब वाचनांनी (डीएनएचे लांब तुकडे एका दमात वाचून) पूर्ण जोडून घ्यावा आणि तोच संदर्भ धरावा. फक्त लांब वाचनांवर विसंबून मात्र चालत नाही, कारण एकाच अक्षराच्या सलग रांगा मोजताना ती चुकू शकतात. आणि म्यूक-ए या अल्जिनेटला लगाम घालणाऱ्या जनुकातली सर्वांत ओळखीची चूक नेमकी तिथेच आहे. पाच जींची सलग रांग, त्यातला एक जी गळतो आणि पुढचं सगळं वाचन सरकतं. अशा ठिकाणी छोटी वाचनं किंवा सँगर या जुन्या सिक्वेन्सिंग पद्धतीने खात्री करून घ्यावी.

यादीत एखादं म्यूटेशन निम्म्याच वाचनांत दिसलं तर थांबावं. एक तर दोन कॉलनी मिसळल्या आहेत, नाहीतर ती जागा जीनोममध्ये दोनदा आहे. प्रोफाज (जीनोममध्ये शिरून बसलेले विषाणू), उड्या मारणारे तुकडे, राइबोसोमच्या आरएनएच्या चार प्रती, इथले निकाल आम्ही बाजूलाच ठेवतो.

मग गाळलेल्या यादीत काय दिसतं? म्यूक-ए जवळजवळ ठरलेलंच. हे प्रथिन एएलजी-यूला पेशीच्या पडद्याशी बांधून ठेवतं. ते मोडलं की एएलजी-यू मोकळा आणि अल्जिनेटचं उत्पादन सुरू. लास-आर दुसरं. आजूबाजूला आपले भाऊबंद किती आहेत हे रासायनिक संकेतावरून ओळखणारं हे प्रथिन. ते बंद पडलं की एन्झाइमांचा खर्च वाचतो आणि फेनिलअॅलनिनसारखी, बेडक्यात मुबलक असलेली अमिनो आम्लं खाऊन जिवाणू जास्त जोमाने वाढतो. प्लेटवरची ती धातूची झाक याचीच. लास-आर मोडलं की क्विनोलोन कुळातला एक पदार्थ साचतो. इथे एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेत वारंवार वाढवलेल्या जिवाणूंतही लास-आर सहज मोडतं. म्हणून गोठवलेल्या पहिल्या कुपीतून तेच म्यूटेशन पुन्हा सापडल्याशिवाय ते फुफ्फुसातलं मानू नये.

औषधांच्या दाबाने येणारी म्यूटेशनं बहुतेक औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांच्या लगामांवर पडतात. मेक्स-झेड तुटलं की मेक्स-एक्सवाय पंप सैल सुटतो आणि टोब्रामायसिन बाहेर फेकलं जातं. एनएफएक्स-बी तुटलं की दुसरा पंप सुरू होतो आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन निकामी होतं. ओपीआर-डी हे दार बंद झालं की इमिपेनेम आत येत नाही. एनएफएक्स-बी मोडलेले जिवाणू काही इतर औषधांना उलट जास्त दाद देतात, हे कळल्यावर उपचाराची नवी वाट मिळाल्यासारखं वाटतं. पण शेजारच्या फांदीवरच्या जिवाणूंत ते म्यूटेशन नसतं, आणि औषध बदललं की त्या फांदीचं फावतं.

कुठलं म्यूटेशन निवडून आलेलं आणि कुठलं योगायोगाचं, हे एकट्या रुग्णावरून ठरत नाही. वेगवेगळ्या रुग्णांत तेच जनुक पुन्हा पुन्हा मोडतंय का ते पाहावं लागतं. समजा सर्व रुग्ण मिळून 100 स्वतंत्र म्यूटेशनं आहेत. 585 अक्षरांच्या म्यूक-एवर त्यातलं योगायोगाने किती पडावं? 0.01 पेक्षा कमी. तिथे तीन पडली असतील तर तो योगायोग नाही. मात्र सुमारे साडेपाच हजार जनुकांमध्ये दोनदा लागलेलं एखादं जनुक निव्वळ योगायोगानेही सापडू शकतं. म्हणून दोनवर आनंद मानू नये, तीनपासून विचार करावा. आणि 'स्वतंत्र' हा शब्द विसरू नये. एकाच आईपासून आलेल्या वीस कॉलनींतलं एकच म्यूटेशन वीस वेळा मोजणं ही नवख्यांची हमखास चूक. हायपरम्यूटेटरच्या याद्या या हिशेबातून वेगळ्या काढाव्यात. त्यांत शेकडो निरुपयोगी बदल असतात आणि ते सगळं चित्र बुडवतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2015 मध्ये 34 रुग्णांचे 474 जीनोम याच रीतीने तपासले आणि अशी 52 जनुकं वेगळी काढली. बॉस्टनमध्ये पसरलेल्या बर्कहोल्डेरिया डोलोसाच्या साथीत 14 रुग्णांच्या 112 नमुन्यांवरून 17 जनुकं सापडली होती. तो अभ्यास 2011 चा. जिवाणू वेगळा, पण रीत तीच, आणि तिथेही औषध, पडदा आणि प्राणवायूची कमतरता यांच्याशी संबंधित जनुकंच पुढे आली.

वेगाचा अंदाज मनात असावा. हायपरम्यूटेटर नसलेल्या वंशात वर्षाला साधारण दोन-तीन अक्षरं बदलतात. दहा वर्षांपूर्वी फाटलेल्या दोन फांद्यांवरच्या कॉलनींत मात्र पंचवीस नव्हे, पन्नासच्या आसपास फरक दिसेल, कारण बदल दोन्हीकडे साचतात. हे न कळल्याने 'रुग्णाला बाहेरून नवा जिवाणू लागला' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. खरोखर नवा जिवाणू लागला असेल तर फरक हजारोंमध्ये असतो. उलट दोन रुग्णांच्या जिवाणूंत दहा-वीस अक्षरांचाच फरक निघाला तर एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग गेल्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. लिव्हरपूलमध्ये 1990 च्या दशकात मुलांच्या क्लिनिकमध्ये एकच वंश पसरल्याचं उघड झालं, आणि रुग्णांना एकमेकांपासून दूर ठेवण्याच्या आजच्या नियमांमागे असे अनुभव आहेत.

शेवटी सगळ्या कॉलनींच्या वंशावळीचं झाड काढलं जातं, आणि कॉलनी उचलतानाच्या सगळ्या सवयी तिथे उघड्या पडतात. समजा पहिल्या वर्षीच्या नमुन्यात टोब्रामायसिनला न जुमानणारा प्रकार सापडला, दुसऱ्या वर्षी दाद देणारा, तिसऱ्या वर्षी पुन्हा न जुमानणारा. दरवर्षी एकच कॉलनी घेतली असेल तर वाटतं की जिवाणूने प्रतिकार मिळवला, सोडला, परत मिळवला. वीस-वीस कॉलनी घेतल्या की दिसतं ते असं: पहिल्या आणि तिसऱ्या वर्षीचे एकाच फांदीवर बसतात, मेक्स-झेडमधला तोच बदल घेऊन. दुसऱ्या वर्षीचा वेगळ्या फांदीवरचा, जी फांदी पहिल्या वर्षाच्याही आधीपासून अस्तित्वात होती. कुणी काही सोडलं नाही, कुणी परत मिळवलं नाही. दोन्ही कुळं फुफ्फुसाच्या वेगवेगळ्या भागांत नांदत होती आणि त्या सकाळी खोकल्याबरोबर कुठल्या भागातला श्लेष्मा वर आला एवढाच फरक. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या फुफ्फुसांचे तुकडे तपासल्यावर हे थेट दिसलं आहे. एकाच फुफ्फुसाच्या वेगळ्या खंडांत वेगळ्या गुणधर्मांचे जिवाणू, बराच काळ एकमेकांत न मिसळता.

सीएफटीआर दुरुस्त करणारी औषधं आल्यापासून, 2012 मध्ये पहिलं आणि 2019 मध्ये तीन औषधांची गोळी, रुग्णांचा श्वास सुधारला आहे. ज्यांनी हा आजार जवळून पाहिला त्यांना याचं मोल माहीत आहे. पण बेडका पडेनासा झाला म्हणजे जिवाणू गेला असं होत नाही. पहिल्या औषधानंतर काही रुग्णांत संख्या पहिल्या वर्षी घटली आणि नंतर पुन्हा वाढली, आणि वाढलेले जिवाणू त्याच जुन्या वंशाचे होते. आता नमुना म्हणून घशातला खोकल्याचा स्वॅब येतो, नाहीतर खारट वाफ हुंगून काढलेला चिमूटभर श्लेष्मा. त्यात जिवाणू मिलिलिटरला काही शेच असतात. म्हणून डायल्यूशनची साखळी छोटी करावी, पहिलं न पातळ केलेलं द्रावणही पसरावं, प्लेटची संख्या दुप्पट करावी, पाच दिवस थांबावं, आणि येतील तेवढ्या सगळ्या कॉलनी गोठवाव्यात. चारच आल्या तर अहवालात 'चार' असाच आकडा लिहावा, टक्केवारी काढू नये.